आईनं पाखडलेला चहा

१९८२ साली मी एकवीस वर्षांचा होतो. त्याच साली आमचं लातूर नवा जिल्हा झालं. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांची बिऱ्हाडं आली. मला वाटलं, ही माणसं काही आमच्यासारखी भुकटी उकळून पिणारी नव्हेत. म्हणून थोरल्या भावाच्या, अण्णाच्या, किराणा दुकानात मी एक कोपरा मागून घेतला आणि हैदराबादेहून सुट्या चहाचे तीन प्रकार आणले.

माझी शाळा चौथीपर्यंतच. पण चहाच्या पेटीतला चांदीचा कागद बाजूला सारला तेव्हा जे दिसलं, ते कुठल्या पुस्तकात नसेल, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. वास उडू नये म्हणून सगळा माल पत्र्याच्या डब्यांत घट्ट कोंडला. महिना गेला. कोणी विचारीना.

अण्णा म्हणाला, "उद्या पेंडीची पोती यायलेत. कोपरा रिकामा कर."

"तुला काय कळतंय चहातलं?"

"मला न्हाई कळत. गिऱ्हाइकाला तरी कुठं कळायलंय!"

रागारागात डबे हातगाड्यावर घालून घरी नेले, पडवीत टेकवले आणि महादेवाच्या देवळात जाऊन बसलो. कोपरा गेला म्हणजे पुन्हा अण्णाच्या हाताखाली गूळ फोडायचा. ते मला मान्य नव्हतं.

ऊन उतरताना घरी आलो तर आई अंगणात सूप घेऊन बसलेली. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी ज्वारी खड्यांसकट मिळायची. तेव्हापासून बाहेरून आलेला जिन्नस पाखडल्या-चाळल्याशिवाय तिच्या घरात राहत नसे.

"आई! अगं चहा हाय त्यो!"

"मग? लई भुसा होता बघ. काढला समदा," असं म्हणून तिनं एका ताटलीकडे बोट केलं.

ताटलीत सोनेरी कळ्या होत्या, चहाच्या शेंड्याचे कोवळे कोंब. सगळ्यात भारी चहातला सगळ्यात भारी जिन्नस! मी ओरडणार होतो, तेवढ्यात नजर खाली अंथरलेल्या पांढऱ्या धोतरावर गेली.

लांब पत्ती वेगळी, पीळ दिलेल्या मिशीसारखी. तिच्यातलाच बारका चुरा वेगळा, कारळासारखा चमकणारा. दाणेदार चहाचा तांबूस ढीग, मोहरीसारखा घरंगळणारा. हिरवट चहा म्हणजे जणू वाळवलेली मेथी. आणि त्या ताटलीतल्या कळ्या, करडईच्या सुकल्या फुलाच्या रंगाच्या, अंगावर बारीक लव असलेल्या. महिनाभर हे सगळं माझ्याजवळ होतं आणि असं एका जागी मी स्वतःसुद्धा पाहिलं नव्हतं.

"काय बघायलास?"

"आई, हे मी आणलंय?"

"तूच की. आणलास अन् डब्यात कोंडलास. ज्वारी घेतानासुद्धा माणूस मुठीत घेऊन बघतंय. तुझा चहा न बघता घेतेत व्हय?"

"उन्हात ठेवता येत नसतो चहा."

"मग सावलीत मांड. तोंड कशाला पाडायलास?"

मी रिकामे डबे पुढं ओढले. तिनं एकेक ढीग वेगवेगळ्या डब्यात हळूच भरून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाच्या आधी दुकानात गेलो. पुढच्या फळीवर, सावलीत, धुतलेलं धोतर अंथरलं, ढीग मांडले आणि मधोमध आईच्या सुपात त्या कळ्या. अण्णा आला तो थबकलाच.

"चहा इकायलास का हळदीकुंकू मांडलंस?"

तेवढ्यात एक साहेबीण थांबली. तिच्यामागं दोन कारकून, त्यांच्यामागं पागोटेवाला एक शेतकरी. "ह्ये कशाचं फूल हाय, मालक?" असं म्हणून त्यानं तळहात पुढं केला. मला ‘मालक’ म्हणाला तो!

पेंडीची गाडी आली. अण्णानं फळीपुढची गर्दी बघितली, माझ्याकडं बघितलं आणि गाडीवानावर खेकसला, "मागच्या दाराला घे रे!"

मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. सुपातली चिमूट उचलली आणि त्या तळहातावर ठेवली.