कोल्हारपर्यंत बिनचहाचा प्रवास

हिशेब आधी सांगतो, कारण कमेंटमध्ये तुम्ही तोच विचारता. पुणे, पारनेर, भिंगार, कोल्हार आणि परत भिंगार: डिझेल तीन हजारांच्या आसपास, पारनेरला दोन मासवडी थाळ्या साडेतीनशे, राहुरीच्या पुढे रस्त्याकडेचे पेरू शंभराचे. चहा माझा सत्तर रुपयांचा, भाच्याचा शून्य. सगळ्यात महाग पडला तो हा शून्य.

भाचा म्हणजे सुहास, माझ्या अक्काचा मुलगा. आमचं घराणं तीन-चार पिढ्यांचं ख्रिस्ती. कोल्हारला दाजी, म्हणजे सुहासचे वडील, निवृत्त शिक्षक. रविवारच्या उपासनेत पेटी वाजवणारे, वेळेला काटेकोर. सुहास नोकरीसाठी पुण्याला गेला आणि तिथे मॉर्मन या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत सामील झाला. मग बचत खर्चून दोन वर्षं फिलिपिन्सला धर्मप्रचाराला निघाला. या लोकांना चहा-कॉफी वर्ज्य. निघायच्या दिवशी दाजींनी स्वतःच्या हाताने कप पुढे केला, पोराने हात जोडले. दाजी म्हणाले, "माझ्या घरचा चहा चालत नसंल तर माझं घरबी चालायचं न्हाई." त्यानंतर दर सोमवारी पोराचा व्हिडिओ कॉल यायचा, आणि दाजी उठून मागच्या दारी जायचे. दोन वर्षं एक शब्द नाही.

आता तो परत आला होता आणि त्याला घरी न्यायचं काम माझ्याकडे आलं. मीही छाती काढून अक्काला सांगितलं, "तू फक्त पाणी उकळत ठेव." मी भिंगारला लष्करी हद्दीच्या फाटकाबाहेर एका स्टोव्हवर धंदा सुरू केलेला माणूस. आज दोन हॉटेलं आहेत आणि चहा पावडरचा स्वतःचा ब्रँड. भावकीची किती भांडणं माझ्या बाकड्यावर मिटली. तिसऱ्या घोटाला तोंड उघडत नाही असा माणूस मी पाहिलेला नाही. दाजींसाठी अर्धा किलोचं खास पाकीट डिकीत ठेवलं.

पुण्यातून पहाटे निघा, नाहीतर वाघोलीतच दुपार होते. सुहास पांढरा शर्ट, टाय लावून फाटकात उभा. छातीवरचा प्रचारकाचा काळा बिल्ला तेवढा आदल्या संध्याकाळी उतरवला होता, तिथे हात जायचा आणि रिकामा परत यायचा. गाडीत बसल्यापासून गुडघा हलत होता. शिरूरच्या अलीकडे पंपावर मी बाथरूमला गेलो, बाहेर आलो तर हा दाराशी पहारेकऱ्यासारखा.

"काय रे, पळून जातोय का मी?"

"सवय आहे मामा. दोन वर्षं जोडीदार प्रचारकाला नजरेआड करायचं नाही असा नियम. तो कुठे, मी तिथे." मग हसला. "माझा जोडीदार टोंगा बेटांवरचा होता. एवढा मोठा, घोरायचा तोही सुरात."

नियम ऐकून मला माझ्या हॉटेलची पोरं सुखी वाटली. साडेसहाला उठायचं, वाचन, मग दिवसभर लोकांची दारं वाजवायची, रात्री वेळेत खोलीवर. सोमवारी कपडे धुणं आणि घरी फोन. एकमेकांना हाक आडनावाने. "सुहास म्हणून कुणी हाकच मारली नाही," तो म्हणाला. "आईच तेवढी. सोमवारी."

सुप्याहून पारनेरला वळलो, कारण एका खानावळीला पावडर पोचवायची होती. पाट्यांवर अहिल्यानगर आलंय, तोंडात अजून नगरच. खानावळवाल्याने सुहासचा टाय बघितला आणि मला बाजूला घेतलं.

"शेट, फायनान्सच्या वसुलीचा हाय का? न्हाई, मला बी मागं निघायला रस्ता हाय."

"भाचा आहे माझा. परदेशातून आलाय."

"मंग टाय कशापायी? लगीन हाय का?"

मासवडी झणझणीत होती, तांबड्या रश्श्यात बुडवून खा, भात मागू नका, जागा उरत नाही. जेवणानंतर चहा आला. सुहासने तो अदबीने माझ्याकडे सरकवला. खानावळवाला बघत राहिला. "व्हय, शुगर हाय पोराला? एवढ्या वयात?"

दुपारी मी म्हटलं, आता सरळ कोल्हार. तर हा म्हणाला, "मामा, उद्या जाऊ." काचेबाहेर बघून बोलला. मी भिंगारला गाडी घेतली.

सकाळी खाली आलो तर पठ्ठ्या शर्ट-टाय घालून ओट्यावर तयार, पण जायचं कुठे ते ठाऊक नाही. मग झाडू घेऊन शेजारच्या काकूंचं अंगण झाडायला लागला. काकू दारातून ओरडल्या, "अगं बया, कँटोन्मेंटनी सायेब लावले का झाडायला?" मलाही घरात बसवेना. एवढ्या वर्षांत सकाळी गिऱ्हाईक नाही असा तासच मला ठाऊक नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे. शेवटी मीच म्हटलं, "चल, इथं उभं राहून काय उगवणार नाही."

नगर-मनमाड रस्त्याबद्दल एवढंच सांगतो: उसाच्या हंगामात वेळेचा अंदाज करू नका. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, पुढे डीजे. त्यांच्यामागे रांगताना मी धंद्याचं बोलणं काढलं.

"सुहास, एक घोट. एकच. देव काय कोल्हारला घोट मोजत बसलाय?"

"नको मामा."

"बरं, डॉक्टरने बंद केलाय सांगू. पित्त."

"खोटं?"

"घरगुती खोटं. याला पाप लागत नाही."

तो हसला, पण गुडघा थांबला. "मामा, दोन वर्षं लोकांच्या दारात उभा होतो. कुणी कुत्रं सोडलं, कुणी उद्या या म्हणालं. त्यांना सांगत होतो, दिलेला शब्द पाळता येतो. आता बापाच्या दारात तोच मोडू?"

मी गाडी कडेला घेतली. पेरू घेतले.

प्रवरेचा पूल ओलांडला. दाजी बाहेर बाजेवर बसले होते. गाडी वळताना दिसली तसे उठले आणि आत गेले. मी डिकीकडे निघालो, पाकीट काढायला. सुहास माझ्या पुढे गेला, आणि मग त्याने जे केलं ते मी विसरणार नाही. घराचं दार सताड उघडं होतं. स्वतःच्या घराचं. त्याने चौकटीवर तीन टिचक्या वाजवल्या आणि दोन पावलं मागे सरकून ताठ उभा राहिला, परक्या दारात राहतात तसा.

अक्का स्वयंपाकघरातून धावत आली आणि त्याचं तसं उभं राहणं बघून जागीच थांबली.

आतून आवाज आला, "कोन हाय?"

सुहासचं तोंड उघडलं, शब्द आला तो दारोदारच्या सवयीचाच. "एक मिनिट आहे का तुमच्याकडं?"

मी पाकीट विसरलो. मग दाजी म्हणाले, "रिटायर मानसाकडं टायमच टाइम हाय. आत ये."

अक्का पदर तोंडाला लावून रडत होती. दाजी कुणाकडे न बघता तिला म्हणाले, "पानी ठेव आता. उकळंल तवर बसंल." आणि स्वतःच मागच्या दारी गेले. आले ते हातात गवती चहाच्या पात्यांची जुडी घेऊन. मोरीच्या पाण्यावर चांगलं गुडघाभर बेट वाढलेलं मागच्या दारातून मला दिसलं. ते काल लावलेलं नव्हतं.

दाजींनी कप स्वतः पुढे केला. "यात पावडर न्हाई. नुसती पात, आलं, गूळ. चालतंय ना?"

"चालतंय," सुहास म्हणाला. "तुम्हाला कसं कळलं?"

"तू सोमवारी आईला सांगत हुतास, हे पितो, ते पीत न्हाई. मागचं दार काय भिताडाचं हाय? बहिरा हाय का मी?"

पोराने कप दोन्ही हातांनी धरला. प्यायला. डोळे पुसायला त्याच्याकडे टायच होता.

सगळं मिटलं असं समजू नका. थोड्या वेळाने दाजींनी विचारलंच, "रविवारी?"

"पुण्याला जाईन. आमच्या उपासनेला."

दाजींनी रिकामा कप उचलून मोरीत ठेवला. "नाताळात हितं पेटीला मानूस लागतो. माझी बोटं आखडली."

"नाताळात येतो."

"टाय नको घालू. लोकांना वाटंल बँकेतून आलाय."

परतीला मी एकटाच होतो. पंपावर बाथरूमबाहेर कुणी उभं नव्हतं, ते चुकल्यासारखं झालं. काय उरलं म्हणाल, तर उघड्या दारावर वाजलेल्या त्या तीन टिचक्या. मी आयुष्यभर लोकांच्या घरात न विचारता घुसलो, काम करवून घेतलं, आणि त्यालाच माझी हुशारी समजत आलो. आता दाराशी जरा थबकतो. बायको म्हणते, गुडघे दुखत असतील.

घरी आल्यावर डिकी उघडली. अर्धा किलोचं खास पाकीट जसंच्या तसं होतं, सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं.