डाव्या हाताची गाठ

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आजही भारतातला अनोळखी नंबर फोनवर दिसला की मी फोन पालथा ठेवते. लेक विचारते, "मम्मा, व्हाय आर यू स्केअर्ड?" काय सांगू तिला?

मी मूळची सोलापूरची. आबांचा, म्हणजे वडिलांचा, घरात माग होता. त्याच जोरावर मला दुबईपलीकडच्या रास अल खैमातल्या टॉवेलच्या कारखान्यात नोकरी मिळाली. कापडातली चूक शोधायची, ती कोणत्या कामगाराच्या हातची ते सांगायचं. त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. धागा तुटला की कामगार गाठ मारून सांधतो, आणि प्रत्येकाची गाठ वेगळी. श्रीनिवास डावखुरा. त्याची गाठ उलटी बसायची.

श्रीनिवास — हे नाव दोनदा लिहून खोडलं. तोही सोलापूरचाच, मागावर काम करणारा. सुट्टीला आम्ही बसने शारजाला रोल्लाच्या बाजारात जायचो, चहा प्यायचो, बस्स. दिवाळीत तो आबांकडे येऊन मला मागणी घालणार होता. माझं प्रेम होतं त्याच्यावर. होतं ना? मग —

नवे माग आले. आठांऐवजी सोळा सांभाळा, पगार तोच. कामगारांत कुजबुज सुरू झाली. मी विचारलं तर श्रीनिवास म्हणाला, "तुला माहीत नसलेलं बरं. उगाच गोत्यात येशील."

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर पाहते तर प्रत्येक मागाला लाल धागा बांधलेला — काम बंदची खूण. एकही माग सुरू झाला नाही. इथे संप करणाऱ्याला थेट विमानात बसवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. 

मॅनेजरनं एक धागा गाठीसकट माझ्या टेबलावर ठेवला. गाठ उलटी होती. "मॅडम, आप तो एक्स्पर्ट हो. किसका हाथ है?"

त्याने धमकी दिली नव्हती. व्हिसाचं नावही काढलं नव्हतं. "ओळखता येत नाही" — एवढंच म्हणायचं होतं मला. माझ्याशिवाय ती गाठ ओळखणार होतं कोण? पण डोळ्यांपुढे विमानतळ आला, आबांचा चेहरा आला — आणि मी नाव सांगून मोकळी झाले. मॅनेजरला दुसऱ्यांदा विचारावंसुद्धा लागलं नाही.

संध्याकाळपर्यंत सगळं खलास. श्रीनिवासचा व्हिसा कॅन्सल, बॅग भरायला एक तास. दुसऱ्या दिवशी सगळे सोळा-सोळा मागांवर उभे होते.

आठवड्याने सोलापूरहून त्याचा फोन आला. मी उचलला. त्याला माझीच काळजी — "तुझ्यावर नाही ना आलं काही?" मग म्हणाला, "आपल्यातल्याच कुणीतरी सांगितलं गं. धागे बांधताना रमेश सोबत होता. त्यानंच सांगितलं असेल ना?"

रमेश त्याच्याच खोलीत राहायचा. त्याच्याच ताटात जेवायचा.

मी म्हणाले, "असेल."

त्यानंतर श्रीनिवासचे फोन मी उचलले नाहीत. त्याने इतरांनाही रमेशचंच नाव कळवलं असावं; कारखान्यात रमेशशी सगळ्यांनी बोलणं टाकलं. त्याच्या शेजारी जेवायला कुणी बसेना. मीही कधी बसले नाही.