बळीराम मेकॅनिकचा कान

पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला टायरवाल्यांची रांग संपते, तिथे बळीरामची शेड आहे. वर पत्रा, पुढे एक बाक, आणि पाटी नाही. पाटी का नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाला, ज्याला यायचंय त्याला माहीत आहे. ज्यांना माहीत होतं त्यांतले निम्मे वर गेले आणि उरलेल्यांनी नव्या गाड्या घेतल्या, असं मी त्याला सुनावलं. बत्तीस वर्षं तहसील कचेरीत कारकुनी केली आहे मी. समोरच्याला तोंडावर सुनावण्याची खोड तिथलीच.

मी सुकापूरला राहतो. निवृत्त झाल्यावर जुनी स्कूटर दुरुस्त करायला त्याच्याकडे गेलो, आणि मग स्कूटर धड असली तरी जाऊ लागलो. घरात बसून बायकोच्या मालिका बघण्यापेक्षा तो बाक बरा. बळीराम तसा बोलायला कमी. त्याची बायको सत्यवती चार वर्षांपूर्वी गेली. गावची जमीन प्रकल्पात गेली, बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर मुलानं, दीपेशनं, सहा मजले चढवले आणि बापाला सर्वांत वरची खोली दिली, एसीसकट. बळीराम तिथे फक्त झोपायला जातो. दीपेश वाईट मुलगा नाही, त्याला वेळ नाही एवढंच. बापाशी त्याचं बोलणं दोन प्रश्नांत आटपतं: जेवलास का, आणि शेड कधी बंद करतोस.

ही शेड चालू राहिली ती एका एमजी गाडीपायी. एमजी म्हटलं की हल्ली लोकांना शोरूममधली उंच गाडी आठवते. ही ती नव्हे. ही सन अठ्ठावन्नची, इंग्लंडात बनलेली, दोन सीटांची, टप उघडा, चाकांना सायकलीसारख्या तारा, आणि इतकी बुटकी की बाकावर बसून आपण वरून तिच्यात बघतो. मला विचाराल तर चैनीचं खेळणं. तिचे नट इंचातले, त्यामुळे आजकालचा एकही पाना तिला लागत नाही. बळीरामनं तरुणपणी भायखळ्याच्या गॅरेजात घेतलेले इंची पाने तेवढ्यासाठी तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेले. गॅस्केट, म्हणजे दोन भागांमधली गळती रोखणारी चकती, फाटलं तर तो जाड कागदाचं नवं हातानं कापायचा. जे हातानं होत नाही ते इंग्लंडहून पार्सलनं यायचं.

गाडीचे मालक उदयसिंह साहेब, चेंबूरचे. मोठ्या बोटींवर चीफ इंजिनिअर म्हणून जन्म काढलेला माणूस. अकरा वर्षांपूर्वी गोव्याला जाताना गाडी फाट्यावर बंद पडली, लोकांनी ढकलत बळीरामकडे आणली, आणि तेव्हापासून तिला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. साहेब त्याला मिस्त्री म्हणायचे, तो त्यांना साहेब. अकरा वर्षांत त्यात अक्षराचा फरक पडला नाही.

आता थोडं गाडीच्या पोटातलं सांगतो, कारण गोष्ट तिथेच आहे. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं म्हणजे कार्बोरेटर. साध्या गाडीला एक असतो, हिला दोन. दोघांनी सारखीच हवा ओढायला हवी, नाहीतर इंजिन लंगडतं. त्यासाठी प्रत्येकावर एक स्क्रू असतो. तो किती फिरवायचा हे दाखवणारी यंत्रं मिळतात, पण बळीराम हातभर रबरी नळी घ्यायचा, एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आत हवेची फुसफुस ऐकायची, मग दुसऱ्याची ऐकायची, आणि दोन्ही एका सुरात येईपर्यंत स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. त्या वेळी तो डोळे मिटायचा. फाट्यावरचे कंटेनर कोकलत असले तरी त्याला काही ऐकू यायचं नाही, फक्त त्या दोन फुसफुशी.

पूर्वी त्यानं एकदा लावून दिलं की सहा महिने बघायला नको. तीन वर्षांपूर्वी साहेबांची बायको वारली आणि त्यानंतर कधीतरी गाडीला काय झालं कोण जाणे. पंधरा दिवस झाले की शनिवारी सकाळी साहेब लंगडणारी गाडी घेऊन हजर. बळीराम नळी कानात घालायचा, लावून द्यायचा. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

लावून झालं की ट्रायल. ट्रायलला खरं म्हणजे दोन किलोमीटर पुरे. पण बळीरामनं साहेबांना ठामपणे सांगून ठेवलं होतं की या मशीनची परीक्षा लांब रस्त्यावरच होते. म्हणून दोघं थेट करंजाच्या धक्क्यापर्यंत जायचे. तिथे होड्या लागलेल्या बघायच्या, बळीरामनं घरून आणलेली तांदळाची भाकरी आणि सुकट खायची, आणि परत यायचं. मी एकदा त्याला टोकलं, की बाबा, कार्बोरेटर तपासायला करंजा कशाला लागतं, रस्त्यात सुकट टाकून बघतोस का त्यात? तो चक्क लाजला. म्हणाला, साहेब घरी एकटेच असतात, तेवढंच त्यांना बरं वाटतं. स्वतःचं नाव काही घेतलं नाही.

पण त्याला आतून पोखरत होतं ते वेगळंच. त्याचं काम टिकत नव्हतं. पन्नास वर्षं ज्या माणसाच्या हाताला यश होतं, त्याचं काम पंधरा दिवसांत उतरत होतं. आधी त्यानं गाडीवर संशय घेतला. आतल्या झडपेचा दांडा बदलला, बुश मागवले, सुया बदलल्या, गॅस्केटं नवीन कापली. साहेब प्रत्येक वेळी म्हणायचे, बघू या, नाही जमलं तर येतोच परत. गाडीत बदलण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा संशय घ्यायला एकच वस्तू राहिली. त्यानं मला विचारलं, "भाऊ, माजा कान गेला असंल काय?"

इथे माझा शहाणपणा आडवा आला. मी म्हटलं, मनात कुढण्यापेक्षा तपासून घे. नवीन पनवेलला कानाच्या डॉक्टरांकडे मीच त्याला स्कूटरवरून घेऊन गेलो. हेडफोन घालून त्याला काचेच्या खोलीत बसवलं. बाहेर येऊन डॉक्टरांनी कागद दाखवला: डाव्या कानाला बारीक आवाज थोडे कमी येतात, सदुसष्टाव्या वर्षी एवढं चालायचंच, काळजीचं कारण नाही. डॉक्टरांचं काही चुकलं नाही. पण बळीराम नळी डाव्या कानातच घालायचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी त्याला हौसेनं करायला लावलं होतं. परतीच्या वाटेवर तो मागे बसून डावा कान चोळत राहिला.

पुढच्या शनिवारी साहेब आले. बळीरामनं नेहमीसारखी गाडी लावली, नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेऊन, नळी एकदा डाव्या कानात, एकदा उजव्या. मग बॉनेट बंद केलं, हात पुसले आणि सरळ साहेबांसमोर उभा राहिला. मी बाकावरच होतो.

"साहेब, या गाडीला आता माजा हात नको. कान गेला माजा. ठाण्याला एक माणूस हाय, मशीन लावून करतो. त्याच्याकडं न्या."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी बंद बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, "मिस्त्री, तुमचा कान ठीक आहे."

"तुमी मन राखाया बोलता. मना कळतं ना."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी तेव्हा शेडच्या मागे जाऊन चूळ भरायचं सोंग केलं असतं तर कदाचित ते बोलले असते. मी हललो नाही. मला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला वाईट वाटतंय, आपण सोबत असावं. त्या दिवशी ट्रायल झाली नाही. भाकरीचा डबा बळीरामनं तसाच परत नेला.

त्यानंतर सात महिने गाडी आली नाही. पहिले काही शनिवार बळीराम बाकाच्या टोकाला, रस्ता दिसेल असा बसायचा. मग तेही सोडलं. मी म्हटलं, अरे, फोन कर ना माणसाला. नंबर होता त्याच्याकडे. तर मला त्यानं त्याच्या धंद्याची रीत सांगितली: मेकॅनिकनं गिऱ्हाइकाला फोन करायचा नसतो. गाडी येत नाही याचा अर्थ ती बरी चालली आहे. आपण फोन केला तर माणसाला वाटतं, याला काम हवंय. ठाण्याच्या माणसानं चांगली लावून दिली असेल, म्हणाला, बरंच झालं. मला त्याचा राग आला. असला कसला धंदा, ज्यात काम चांगलं झालं की माणूस तुटतो? पण फोन मीही केला नाही. साहेबांचा नंबर त्याच्याकडून मागून घ्यायला मला कोणी अडवलं नव्हतं.

दीपेशनं तोवर शेड एका पंक्चरवाल्याला द्यायचं बोलणं सुरू केलं होतं. बळीराम हो म्हणाला नव्हता, पण नाही म्हणायलाही त्याच्याकडे काही नव्हतं. इंची पाने फडक्यात गुंडाळलेले होते, ते त्यानं महिनोन् महिने सोडून पाहिले नाहीत.

गेल्या महिन्यात, एका गुरुवारी दुपारी, गाडी आली. आवाज मी लांबूनच ओळखला आणि बळीरामनं माझ्याआधी. स्टिअरिंगवर साहेब नव्हते, चाळिशीची एक बाई होती. साहेबांची मुलगी आभा. साहेब गणपतीच्या आधी गेले, म्हणाली, हृदयाचा त्रास होता. आता ती गाडी नाशिकला स्वतःच्या घरी नेणार होती. नेण्यापूर्वी मिस्त्रींना एकदा दाखव, असं बाबा शेवटी सांगून गेले होते.

बळीरामनं मान हलवली. एवढंच केलं. मग आत गेला, फडकं सोडलं, पाने काढले. इंजिन चालू ठेवून त्यानं नळी कानात घातली, या कार्बोरेटरला लावली, त्याला लावली. पुन्हा याला, पुन्हा त्याला. मग माझ्याकडे आला आणि नळी माझ्या हातात दिली. स्वतःच्या कानावर त्याचा भरवसाच नव्हता. मी वाकून ऐकलं. मला त्यातलं काय कळतं, पण एवढं कळलं: दोन्हीकडे अगदी एकच आवाज होता. रुपयाला सोळा आणे एकच.

कुणी लावली, त्यानं आभाला विचारलं. ठाण्याच्या माणसानं?

कोण ठाण्याचा माणूस, ती म्हणाली. तुम्ही शेवटची लावून दिलीत तशीच आहे. बाबा आजारी पडल्यावर ती चेंबूरला येऊन राहिली होती, दर रविवारी त्यांना याच गाडीतून फिरवायची, ते गेल्यावरही बॅटरी उतरू नये म्हणून चालवत होती. सात महिन्यांत एकदाही लंगडली नाही. आणि मग ती हसून, अगदी सहज, म्हणाली, "बाबा बरे असते तर कधीच बिघडवली असती ना. शुक्रवारी संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बॉनेटखाली शिरायचे. मी आलेली असले आणि विचारलं तर म्हणायचे, पनवेलला जायला काही कारण नको का?"

बळीराम बॉनेटखालच्या त्या स्क्रूंकडे बघत राहिला. आभाचं हसू ओसरलं. नंतर नंतर मात्र त्यांनी तो स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाच नाही, ती म्हणाली. दोनदा तुमच्याकडे यायला निघाले, काहीतरी सांगायचंय म्हणाले, आणि दोन्ही वेळा वाशीच्या पुलावरून गाडी परत फिरवायला लावली. काय सांगायचं होतं ते तिला कळलं नाही. तिनं बळीरामकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना हे? स्क्रूचं?"

"हो तं," बळीराम म्हणाला. "आमची गंमत होती ती."

तिला बरं वाटलं. बळीरामनं तेल बघितलं, चाकांचे मधले नट तांब्याच्या हातोडीनं ठोकून घट्ट केले, नाशिकच्या घाटात इंजिन तापलं तर काय करायचं ते समजावून सांगितलं. गाडीत खोट नाय, म्हणाला, बिनघोर न्या. ट्रायल घ्यायची का, तिनं विचारलं. त्यानं नको म्हटलं. गाडी वळून फाट्यावरच्या पुलाखाली दिसेनाशी झाली.

मला वाटलं, आता तरी या माणसाला हलकं वाटेल. तीन वर्षं जो घोर लागला होता तो गेला, हात शाबूत, कान शाबूत. मी तसं त्याला म्हणालोसुद्धा. माझी जीभ कधी गप्प बसली आहे? म्हटलं, बळीराम, अरे तुझा कान कधीच गेला नव्हता.

तो नळी हातात घेऊन माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. साहेबांना जिथे उभं राहून नको म्हटलं होतं त्या जागेकडे बघत म्हणाला, "भाऊ, खराच गेला असता तर बरं झालं असतं."