राखेचा पेला

उदबत्तीची राख बोटाला लागली की मला ती राणी आठवते. बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच माझ्याकडे अमेरिकेत, ॲन आर्बरला आली होती आणि बाहेर बर्फ, म्हणून मी तिला म्युझियममध्ये नेलं. तिथे एक भिंतभर जुनं तैलचित्र होतं. गडद काळोखातून पुढे आलेला राणीचा गोरा चेहरा, डोळ्यांत पाणी, हातात सोन्याचा पेला. "काय पितेय रे ती?" आईनं विचारलं. मी शेजारची पाटी वाचून उत्साहानं सांगून टाकलं, "नवऱ्याची राख. वाइनमध्ये कालवून रोज थोडी थोडी प्यायची म्हणे." बोलून गेलो आणि जीभ चावली. आई चित्राच्या आणखी जवळ जाऊन तो पेला निरखू लागली. मग हळूच म्हणाली, "बाबांच्या अस्थी अंगणातल्या पेरूला टांगून ठेवल्या होत्या. तुझ्या व्हिसाचं काहीतरी होईल, तू येशील, म्हणून मी भटजींना आज नको, उद्या जाऊ, असं म्हणत राहिले." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. आजही उदबत्तीची ती चिमूटभर राख बोटावर घेऊन मी सिंकपाशी उभा राहतो, आणि नळ सोडवत नाही.