वेंगुर्ल्याची वाळू आणि कच्ची राहिलेली भट्टी

मुंबईत आमच्या प्रयोगशाळेला वाळू हवी होती. वाळू कुठलीही चालली असती, पण मी साहेबांना वेंगुर्ल्याची सुचवली, कारण तिथे माझ्या लग्नाची सुपारी फुटायची होती.

आमचं काम असं. जमिनीखाली दगडाच्या कणांत काकवीसारखं दाट तेल अडकलेलं असतं. एका विहिरीतून हवा दाबून त्यातलं थोडं पेटवायचं. उष्णतेने पुढचं तेल पातळ होतं आणि दुसऱ्या विहिरीकडे सरकतं. लोखंडी नळीत एकसारखी वाळू भरून हे साधलं होतं. पण खरा दगड एकसारखा नसतो, म्हणून आता भरड आणि बारीक वाळूचे थर द्यायचे होते. साधलं तर विभाग टिकणार आणि मी, मॅट्रिकला अडकलेला मदतनीस, कायम होणार. मुलीच्या वडिलांनाही एवढंच हवं होतं.

भाऊच्या धक्क्यावरून बोट सकाळी सुटते. डेकवर जागा धरायची तर आधी पोचावं, चटई आणि पाणी आपलं न्यावं. हिवाळ्यात समुद्र शांत असतो. तरी मला ओकाऱ्या झाल्या. वेंगुर्ल्याला होडीतून उतरावं लागतं, म्हणून चपला हातात ठेवाव्यात.

मुलीचे वडील नारायणकाका शिंपल्यांचा चुना भाजतात. ओसरीवर घावणे, नारळाचा रस आणि सोलकढी मिळाली. मुलगी पोह्यांची बशी ठेवून आत गेली. तिची बोटं चुन्याने फाटलेली दिसली.

दुपारी ओढ्यातून भरड आणि किनाऱ्यावरून बारीक वाळू भरली. काकांचा मुलगा दत्ता पोतं धरून हसत होता. "मुंबयक वाळू नेतंस? थंयचो दर्यो आटलो काय रे?"

दुसऱ्या सकाळी काकांनी भट्टी उघडली. एका अंगाला चुना पांढराशुभ्र, दुसऱ्या अंगाला शिंपले जसेच्या तसे.

"मेल्या, ल्हान-मोठे एकत्रच घातलंस?" काका दत्तावर ओरडले.

"निवडतला कोण? बायग्याक तुम्हीच घरात बसवलात. पावणो येतलो म्हणान."

शिंपले निवडायचं काम मुलीचं होतं. मी बघायला येणार म्हणून दोन दिवस तिला भट्टीवर येऊ दिलं नव्हतं. मोठ्या शिंपल्यांच्या फटींतून वारा पळाला, आग त्याच्यामागून गेली, आणि बारीक शिंपल्यांना धगच लागली नाही.

मी एक न भाजलेला शिंपला उचलून पाहिला. आमच्या नळीतही हेच होणार होतं.

"होता असां कधी कधी," काका म्हणाले. "परत भरूया. तुझा तोंड कित्याक उतारला?"

मी सांगितलं. जमिनीखालीही हवा भरड दगडातूनच पळणार, बारीक दगडातलं तेल मागे राहणार.

"मगे तुमका परत भरूक जमाचा नाय?"

"जमीन कशी भरतले, काका?"

ते हात झटकत ओसरीवर येऊन टेकले. मग म्हणाले, "आणि तुझी नोकरी?"

"रवाची नाय, असां वाटता."

"खरां सांगितलंस, बरां केलंस. पण माका चेडवाक खंय तरी देऊक होया मां." तबकात मांडून ठेवलेली सुपारी त्यांनी उचलून आत नेली. दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

परतताना एस.टी.ने आंबोलीवरून बेळगाव गाठलं, पुढे रेल्वे. टपावर पोती दोरीने स्वतः बांधावीत, कंडक्टरवर सोडू नयेत. आंबोलीत गाडी थांबते, भजी गरम मिळतात. दरीत धुकं होतं. लोक बघायला उतरले, मी बसून राहिलो.

मुंबईत थर मीच भरले, जितके नीट येतील तितके नीट. हवा सोडली आणि अपेक्षेहून फार लवकर दुसऱ्या टोकाने धूर निघाला. नळी उघडली. भरड थर जळून करडा झाला होता, बारीक थर काळा, चिकट आणि थंड. साहेबांनी त्यात बोट बुडवून पाहिलं, रुमालाला पुसलं आणि म्हणाले, "काम चोख केलंस." महिनाअखेर विभाग बंद झाला.

वैशाखात तिचं लग्न झालं, बेळगावच्या एका शिक्षकाशी. कोणाला त्या बाजूला जायचं असेल तर हिवाळ्यात जावं, बोटीनेच जावं, वेंगुर्ल्याला जरूर उतरावं. मी आता त्याच्या अलीकडे, मालवणलाच उतरतो.