आकाराम गवळ्यानं नाला बुजवला त्याची हकीकत

सकाळी दात घासून तुम्ही बेसिनमध्ये जी चूळ टाकता, ती पुढं कुठं जाते, हे कधी विचारलंय स्वतःला? नाही ना? मग मी सांगतो. आकाराम गवळ्याच्या म्हशीच्या पाठीवर जाते. म्हशीचं नाव चंद्री. निदान नाव तरी माहीत असू दे.

आकाराम कोल्हापुरातला, आमच्याच पेठेतला. तरुणपणी तालमीत जायचा. पहिल्याच कुस्तीत समोरच्या गड्याला पाडलं आणि "लागलं काय रं?" म्हणून विचारायला वाकला. गड्यानं तिथंच त्याला चीत केला. पैलवानकी तिथं संपली. मग म्हशी. संध्याकाळी कट्ट्यावर चंद्रीला उभी करायचा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायचा आणि फेसाळ पेला हातात द्यायचा.

या माणसाला एकच रोग, पाहुणचाराचा. एकदा त्याच्या गोठ्याचं रस्त्यावर आलेलं छप्पर पाडायला माणसं आली. यानं आधी त्यांना दूध पाजलं, मग शिडी धरली, वर "सावकाश, तिकडचा वासा कुजलाय" म्हणून सांगितलं. छप्पर गेलं. माणसं अजून दिवाळीला भेटायला येतात.

तर गोष्ट सत्त्याण्णव सालची. आमच्या घाटाशेजारीच गावाचा एक नाला पंचगंगेत पडायचा. संडास, न्हाणीघरं, गॅरेजचं ऑइल, सगळं त्यातनं. चंद्रीच्या अंगावर चट्टे उठले, केस झडले. जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, या पाण्यात बसवू नका. पण उन्हाळ्यात म्हैस पाण्यात बसली नाही की ती तापते, दूध चोरते आणि शेवटी आटते. नदीच्या वरच्या अंगाला ऊस थेट काठापर्यंत, उतरायला वाट नाही. घरचा नळ दिवसाआड अर्धा तास. मे महिन्याच्या आत नाला हटला नाही, तर चंद्री हातची जाणार होती. आकाराम चंद्रीला घास टाकायचं विसरला नाही, पण स्वतः जेवायचं विसरायला लागला.

मी सातवी पास. पाण्याचं जे शिकलो ते वाचनालयात, फुकट. आकारामला मी सांगितलं, "पृथ्वीवरचं सगळं पाणी शंभर तांबे धर. साडेसत्त्याण्णव तांबे खारट. उरलेल्या अडीचातलं बरंचसं बर्फात, बाकीचं बहुतेक जमिनीच्या पोटात. जगातल्या समद्या नद्यांच्या वाट्याला चार थेंब."

आकारामनं विचार केला. "मग मर्दा भूषण, त्या चार थेंबांतबी आमीच मुतायचं व्हय?"

नाल्यासाठी मी आधीपासूनच, तीन वर्षं अर्ज करत होतो. ज्या साहेबानं पहिला अर्ज घेतला तो बदलून गेला, दुसरा निवृत्त झाला, तिसऱ्यानं मला "परत आलात?" असं विचारलं आणि माझा आवाज एवढा चढला की खालच्या मजल्यावरचा शिपाई वर आला. शेवटी उत्तर आलं. पुण्याहून तपासणी अधिकारी येणार, बुधवारी सकाळी दहाला. आकारामला मी सोमवारीच सांगून ठेवलं आणि मंगळवारी इचलकरंजीला गेलतो, तिथल्या सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कारखान्यांच्या घाण पाण्याच्या बैठकीला.

बुधवारी साडेनऊला घाटावर आलो आणि मला वाटलं मी चुकीच्या गावात उतरलो. पायऱ्या घासलेल्या. रांगोळी. आंब्याच्या डहाळ्या. नाल्याच्या तोंडात मातीची पोती गच्च ठासलेली, त्यावर सतरंजी अंथरलेली. घाटाचं काळं पाणी पहाटेपासून वाहून गेलेलं. आणि त्या निवळ पाण्यात चंद्री, डोळे मिटून.

"आक्या, हे काय केलंस?"

"का? पुण्यास्नं पावणं येणार, त्यास्नी गटार दाखवायचं? काय म्हणतील, कोल्हापूरची माणसं अशी राहत्यात?"

"अरे शहाण्या, ते गटारच बघायला येतायत!"

"बघतील की. आधी त्यास्नी टेकू तर दे, दूध तर घिऊ दे."

मी पोत्यांकडं धावलो, तेवढ्यात जीप आलीच. साहेब उतरले. पांढरेशुभ्र बूट. आकारामची बायको चिमणाबाई दोन पेले दूध घेऊन पुढं झाली. साहेब दोन्ही प्याले. तिसराही प्याले. मग पाण्याची बाटली भरून उजेडात धरली.

"छान आहे की पाणी. तक्रार कुणाची?"

"माझी!" मी ओरडलो. "नाला तुमच्या पाठीमागं आहे!"

साहेबांनी वळून बघितलं. "ही तर सतरंजी आहे."

"सतरंजीखाली!"

"अहो, शांत व्हा. म्हैस बघा किती मजेत बसलीय." आणि साहेबांनी सतरंजीवरच बैठक मारून वही उघडली.

आकाराम कौतुकानं वाकला. "काय लिवताय सायेब?"

"तक्रारीत तथ्य नाही."

आकारामचं हसू तसंच राहिलं, फक्त चेहरा उतरला. चंद्री पाण्यातनं मान काढून पायरीच्या दगडावर घासत होती. मानेवर लाल मांस दिसत होतं. याला पावण्यांना उठवायचंही होईना आणि म्हशीकडं बघवेनाही.

चिमणाबाई कडाडली, "अवं, काय बघत बसलाईसा? पावणं जीपनं जातील. चंद्री हितंच ऱ्हाणार हाय!"

आकारामनं हात जोडले. "पावणं, जरा वर सरता काय?"

"नको नको, इथं गार वाटतंय," साहेब म्हणाले.

गार वाटणारच. पोत्यांच्या मागं चार तास तुंबलेला नाला छातीएवढा चढला होता. आकारामनं डोळे मिटले आणि खालचं पोतं ओढलं.

जे आलं त्याचं वर्णन करत नाही, तुमच्या घरचंच होतं. सतरंजी साहेबांसकट दोन पायऱ्या खाली गेली. सगळ्यांत आधी अक्कल चंद्रीला आली. ती पाण्यातनं उठली, वर आली आणि नेमकी साहेबांशेजारी अंग झाडून उभी राहिली.

साहेब गुडघाभर काळ्यात. वही मात्र डोक्यावर धरलेली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पहिली बाटली ओतून टाकली आणि दुसरी भरली. या खेपेला वाकावंही लागलं नाही.

आकाराम पिण्याच्या हंड्यातलं पाणी आणून साहेबांचे बूट धूत होता आणि ढसाढसा रडत होता. "लिवा सायेब, समदं लिवा. पर माणसं वाईट न्हाईत, असंबी लिवा."

तेही त्यांनी लिहिलं. मी अहवालात स्वतः वाचलंय, तळाशी, शेरा म्हणून.

एप्रिल संपायच्या आत नाल्याच्या तोंडाशी भिंत आली, पंप आला. चंद्रीचे चट्टे गेले, मानेवर केस आले. वीज गेली की पंप बंद पडतो आणि नाला परत नदीत येतो. त्या दिवशी आकाराम चंद्रीला दावणीलाच ठेवतो आणि नळाच्या बादलीनं भिजवतो. पंप उपसलेलं पाणी खालच्या गावाच्या अंगाला सोडतो हे मला नंतर कळलं. त्यासाठी माझे अर्ज सुरू आहेत, आवाजही सुरू आहे.

आता तुमच्याकडं एकच मागणं, आणि मी सहसा मागत नाही, भांडतो. तुमच्या गावात उद्या कुणी पाणी तपासायला आलं, तर दूध पाजा, खुर्ची द्या, हार घाला. पण हात जोडतो, आदल्या दिवशी झाडू हातात घेऊ नका.