बाराव्या कागदावरचा म्हातारा

महाडपासून पोलादपुरापर्यंत आणि पोलादपुराहून वर कशेडीच्या पायथ्यापर्यंत, ज्याला माझ्या आतेभावाने “तुम्ही कोण?” असं विचारलं नाही असा एकही माणूस त्या काळी उरला नव्हता, आणि स्वतःबद्दल या प्रश्नाचं उत्तर ज्याला कधी देता आलं नाही असा माणूस बहुधा तो स्वतःच. निदान मी तरी लोकांना असंच सांगत आलो. कचेरीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही त्याचा विषय निघाला की हे वाक्य टाकायचं, लोक हसायचे, आणि मीही हसायचो. आज ते वाक्य लिहिताना हात जरा अडतो आहे. का, ते सांगतोच. पण आधी माणूस तर कळू दे.

सकाळी उठल्यावर तो अर्धी घटका ओटीवर पाय सोडून नुसता बसे. सावित्रीवरचं धुकं तोवर अंगणात शिरून तुळशीला टेकलेलं असे, समोरचा रस्ता दिसत नसे, नुसत्या बैलांच्या घुंगरांवरून गाडी गेली एवढं कळे. आत्या आतून हाक मारी, “अरे, चहा निवतोय!” हा म्हणे, “थांब आई, अजून मी आलो नाही.” “मग ओटीवर कोण बसलंय?” “तेच बघतोय.” आत्या कपाळाला हात लावी आणि चहा पुन्हा चुलीवर ठेवी. तो चालतानाही असा काही चाले, की पाऊल जमिनीवर आणि बाकीचा देह एखाद्या ढगाला विचारून पुढे येतोय. जेवायला चिमणीएवढा. दोन घास भात, वर ताक, की याचं पान आटोपलं. शेजारच्या बायका आत्याला म्हणत, “तुमच्याकडे भात उरतो खरा, पण मुलगा उरेल का?”

मुंबईला कॉलेजात त्याने मानसशास्त्र नावाचा नवाच विषय घेतला होता. महाडात काहींना वाटे तो वेड्यांचा वैद्य होणार, काहींना वाटे भुतं उतरवायला शिकतोय. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी त्याच्या प्रोफेसरांनी निबंध लिहायला सांगितला: माणूस स्वतःला कोण समजतो आणि कुठला समजतो. बाकीच्या मुलांनी तो ग्रंथालयात बसून चार पुस्तकांतून उतरवला. हा आगबोटीने बाणकोटला उतरला, मचव्यात बसून खाडीतून वर महाडला आला, आणि धक्क्याला पाय लावायच्या आधी त्याने नावाड्याची उत्तरं लिहूनसुद्धा घेतली होती. प्रश्न तीनच. तुम्ही कोण? तुम्ही कुणाचे? आणि कुठे पोचल्यावर तुम्हांला ‘आलो बुवा’ असं वाटतं?

पुढचे दोन महिने तालुक्याला झोप नव्हती. न्हाव्याने अर्धी दाढी केल्यावर याने त्याला “तुम्ही कुणाचे?” विचारलं; न्हावी वस्तरा हातात धरून इतका विचारात पडला, की शेवटी त्याच्या बायकोने येऊन सांगितलं, “ते आज करनार नाय. उद्या या.” हा तसाच अर्ध्या दाढीने बाजारातून घरी आला, चेहऱ्यावर परम समाधान. खेड्यात लोकांना वाटे, सरकार शेतसारा वाढवणार म्हणून हा माणसं मोजतोय. एका म्हाताऱ्याने तर दारातूनच सांगितलं, “मी नाय. मी हितं ऱ्हातच नाय.” उमरठच्या वाटेवर एक बाई भाताचा भारा डोक्यावर घेऊन उभी होती, तिला विचारलं तर ती म्हणाली, “मी कोन? माज्या सासूला इचारा, ती रोज सांगते.” आणि रजेवर आलेला एक गिरणीकामगार विडी विझवून म्हणाला होता, “हितं आलो का मुंबयवाला, मुंबयत गेलो का कोकन्या. मदी बोटीवर असतो ना, तेवडाच मी मी असतो.” हे ऐकून माझा भाऊ त्याच्या पाया पडायचाच बाकी होता.

प्रत्येक उत्तराला वेगळा कागद. एकदा वाऱ्याने सगळे कागद अंगणभर झाले, कुंभाराचं उत्तर सुईणीला गेलं, सुईणीचं पोष्टमनला. मी घाबरलो. हा मात्र मांडी घालून बसला आणि एकेक कागद वाचून म्हणाला, “बघ ना, कुणाचंही कुणालाही चालतंय.”

आणि मग चालता चालता गाडीच्या बैलालाच काहीतरी विचारण्याच्या नादात त्याचा पाय मुरगळला. पोलादपुरावरच्या डोंगरातली धनगरवाडी तेवढी राहिली होती. त्याने तिथल्या बारा घरांसाठी बारा कोरे कागद माझ्या हातात दिले. “दादा, मला नाही जमायचं,” मी म्हणालो. “तुला जमेल,” तो म्हणाला, “तुझ्याशी लोक बोलतात. तू काही विचारत नाहीस ना, म्हणून.”

मी माझ्याबद्दल अजून काहीच सांगितलं नाही, ती माझी जुनी सवय. आईवडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आत्याने मला महाडला आणलं आणि तिच्या मुलाशेजारी माझं पान मांडलं. दोघांना एकाच ताग्याचे सदरे, एकाच डब्यातले लाडू. माझा भाऊ साऱ्या जगाला प्रश्न विचारत हिंडला, मला त्याने कधी विचारले नाहीत. मी त्याचा, हे तो धरूनच चालला होता.

मी धनगरवाडीला गेलो नाही. अर्ध्या चढावर एक जांभळाचं झाड होतं, खाली दरीत ढग साचला होता, आणि इतकी शांतता की दूरच्या बकऱ्यांच्या गळ्यातली घंटी आपल्याच कानात वाजतेय असं वाटावं. मी तिथे बसलो आणि बाराच्या बारा उत्तरं स्वतःच लिहून काढली. अकरा मी हसत हसत लिहिली. बारावं लिहिताना काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. ‘एक म्हातारा, नाव सांगत नाही,’ असं वर लिहिलं, आणि खाली हात आपोआप चालत गेला: ‘लहानपनापासनं एकाच घरात हाय. कुनी कदी टाकून बोल्लं नाय. पन दुसऱ्यांदा भात मागायचा तर मी आदी समद्यांच्या ताटाकडं बगतो. ज्या दिशी न बगता मागीन, त्या दिशी सांगीन मी कुनाचा.’

भावाने अकरा कागद भराभर उलटले. बाराव्यावर थांबला. दोन दिवस त्याने तो सदऱ्याच्या खिशात बाळगला. तिसऱ्या दिवशी त्याने तो कागद स्वयंपाकघरात जाऊन आत्याला वाचून दाखवला. आत्या भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, पदर डोळ्यांना गेला. “कसली रे ती माणसं,” ती म्हणाली, “एवढ्याशा पोराला दुसऱ्यांच्या ताटाकडे बघायला लावणारी! त्याला घेऊन या इकडे. मी वाढीन.” मी दाराशी उभा होतो. त्या क्षणी बोललो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण बोलणार काय? की आत्या, ती माणसं म्हणजे तू?

भाऊ लंगडत डोंगर चढायला निघाला. मी घाईघाईने सांगितलं, “दादा, तो गेला म्हणे. परवाच निरोप आला.” त्याने काठी खाली ठेवली, विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओलेत्याने परत आला. त्यावर तो थांबला नाही. सर्वपित्रीला त्याने आपल्या वाडवडिलांबरोबर आणखी एक पान वाढायला लावलं. “त्याचं कुणी नसेल,” म्हणाला. बाकीच्या पानांना कावळे शिवले. या पानाला एकही कावळा तोंड लावेना. भाऊ हात जोडून कावळ्याला नाना वचनं देत होता, निबंधात तुमचं उत्तर पहिलं घालीन, नाव नसलं तरी घालीन, आणि मागे उभी राहून आत्या म्हणत होती, “माग रे बाबा. न बघता माग. आमच्या घरी कुणी नाही बघत.”

मी जिवंत माणूस, माझ्या पानासमोर उभा होतो. मी तिथून निघालो तो थेट सावित्रीच्या काठावर. तो मागोमाग आला, लंगडत. मी त्याला सगळं सांगितलं: जांभूळ, अकरा खोटी, मेलेला म्हातारा. तो काठावरच्या दगडावर बसला, दुखरा पाय पाण्यात सोडून.

“आणि बारावं?” त्याने विचारलं.

मी वाकून पायाखालचा एक खडा उचलला.

“बरं,” तो म्हणाला. “आईला सांगू नकोस. ती जन्मभर तुझ्या ताटाकडे बघत बसेल, मग तुला घास उतरायचा नाही.”

बाराही कागद त्याने निबंधातून काढले. धनगरवाडीशिवाय निबंध अपुरा ठरला, आणि ज्या पहिल्या वर्गाची प्रोफेसरांना खात्री होती तो गेला. त्यामुळे कॉलेजात शिकवायची जागा मिळाली नाही. पोलादपुरात मास्तर झाला. एका शब्दाने त्याने मला कधी बोल लावला नाही. पण सर्वपित्रीच्या त्याच संध्याकाळी जेवताना, माझं पान संपत आलं आणि माझी नजर उठणार, तोच हा चिमणीएवढं जेवणारा माणूस मोठ्याने म्हणाला, “आई, आम्हां दोघांना भात!” दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. आत्याला वाटलं, मुलाला देवाने भूक दिली. तिने नवस फेडला.

ती असेतोवर हे चाललं, ती गेल्यावर वहिनी आल्या तरी चाललं. मी त्याच्याकडे जेवायला असलो की ‘आम्हां दोघांना’. त्याचं पोट सुटलं, सदऱ्याची बटणं लागेनात, शाळेतली मुलं त्याला पाठीमागे, भात साठवायच्या कणगीएवढा म्हणून, ‘कणगी मास्तर’ म्हणू लागली. गावात त्याच्या खादाडपणाच्या गोष्टी सांगतात, त्यांतल्या दोनतीन तर मीच सांगितल्या आहेत. आत्याला मी शेवटपर्यंत काही बोललो नाही. तिची क्षमा मागायची राहिली. म्हणून निदान हे तरी लिहून ठेवतो, की माझा भाऊ खादाड नव्हता.

या दिवाळीला गेलो तेव्हा वहिनींनी आधीच बजावलं, वैद्यांनी भात बंद केलाय, मागितला तरी वाढायची नाही. तो निमूट भाकरी खात होता. माझं पान संपत आलं. त्याने तोंड उघडलं, वहिनींकडे बघितलं, मिटलं. मग माझ्याकडे बघू लागला, काळजीने, पोर नदीत उतरल्यावर काठावरचा माणूस बघतो तसा. बाहेर धुकं अजून उठलं नव्हतं.

“वहिनी, भात,” मी म्हणालो.

त्याआधी मी कुणाच्या ताटाकडे बघितलं होतं का, ते मला आठवत नाही.